एका बिअरनंतरचा चालक आणि रस्त्याच्या कडेचा सायकलस्वार

२९ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळी आठच्या सुमारास अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या एका ग्रामीण रस्त्यावरून जॉनी गॉड्रो आणि मॅथ्यू गॉड्रो हे दोघे भाऊ सायकलने चालले होते. ३१ वर्षांचा जॉनी हा तिथल्या आइस हॉकीच्या सर्वोच्च लीगमधला नावाजलेला खेळाडू होता, मॅथ्यू त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या बहिणीचे लग्न होते. मागून आलेल्या एका मोठ्या गाडीने त्यांना पुरेशी जागा देण्यासाठी रस्त्याच्या मध्याकडे सरकून वाट सोडली. तिच्यामागे असलेल्या जीपच्या चालकाने मात्र, पोलिसांच्या म्हणण्यानुसार, त्या गाडीला उजवीकडून ओलांडायला घेतले. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे उजवी बाजू म्हणजे रस्त्याची कड, आणि त्या कडेलाच हे दोघे भाऊ होते. दोघेही मृत्युमुखी पडले.

जीपच्या चालकाच्या रक्तात ०.०८७ टक्के अल्कोहोल आढळले, असे सरकारी पक्षाने न्यायालयात सांगितले. तिथली कायदेशीर मर्यादा ०.०८ टक्के आहे. आपण पाच-सहा बिअर प्यायलो होतो आणि त्यामुळे आपला संयम सुटला, असे त्याने पोलिसांना सांगितल्याची नोंद आहे. पुढे न्यायालयात त्याने आरोप अमान्य केले. खटल्याचे जे व्हायचे ते होईल, परंतु त्या आकड्याकडे नीट पाहण्यासारखे आहे. झिंगून, तोल जाऊन, स्टिअरिंगवर झोपी गेलेल्या माणसाचा हा आकडा नाही. मर्यादा जेमतेम ओलांडलेल्या, बोलता-चालता येणाऱ्या आणि आपण व्यवस्थित आहोत असे मनापासून वाटणाऱ्या माणसाचा हा आकडा आहे. आपल्याकडच्या बोलीत तो ‘कंट्रोलमध्ये’ असतो. सायकलस्वाराला सर्वांत मोठा धोका अशाच चालकाकडून का असतो, हे समजून घेण्यासाठी दारूचे थोडे शरीरशास्त्र, थोडे गणित आणि शेवटी थोडा कायदा पाहावा लागेल.

मर्यादा कशाची आणि किती

दारूतील नशा आणणारे द्रव्य म्हणजे अल्कोहोल. ते जठरातून आणि मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात शिरते आणि शरीरातील सर्व पाण्यात मिसळते. १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम अल्कोहोल आहे, यावरून त्याचे प्रमाण मोजतात. पुढे ‘प्रमाण’ हा शब्द याच अर्थाने येईल. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार ही मर्यादा ३० आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत आणि इंग्लंडमध्ये ती ८० आहे, स्कॉटलंडने २०१४ मध्ये ती ५० वर आणली आणि स्वीडनमध्ये ती १९९० पासून २० आहे. न्यू जर्सीतल्या चालकाचे प्रमाण या मापाने ८७ होते. ते तिथे निसटते उल्लंघन ठरते, तर आपल्या कायद्याने मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट.

हे आकडे ग्लासात कसे दिसतात? आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. त्या हिशेबाने ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम आणि ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ते सुमारे ४१ ग्रॅम भरते. म्हणजे ‘मी फक्त एक बिअर घेतली’ असे म्हणणाऱ्याने चार लहान पेग घेतलेले असतात. बिअर ही सौम्य गोष्ट आहे, हा समज आपल्याकडे इतका घट्ट का बसला आहे, कोण जाणे.

आता ७० किलो वजनाचा पुरुष घेऊ. रिकाम्या पोटी एक मोठा पेग भराभर घेतला, तर त्याचे प्रमाण अंदाजे ४० पर्यंत जाऊ शकते; स्ट्राँग बिअरची पूर्ण बाटली तशीच घेतली, तर ते ८० च्या पुढे जाऊ शकते, म्हणजे न्यू जर्सीच्या त्या आकड्याच्या आसपास. जेवणाबरोबर आणि सावकाश घेतल्यास आकडे खाली येतात. वजन कमी असेल तर ते वर जातात, आणि स्त्रियांच्या शरीरात पाण्याचा अंश तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच दारूने त्यांचे प्रमाण अधिक होते. हे हिशेब ढोबळ आहेत आणि कोणीही त्यांच्या भरवशावर गाडी काढू नये, परंतु ३० ची मर्यादा किती लवकर ओलांडली जाते याची कल्पना त्यांतून येते.

दारू आधी काय नेते

दारू चढली हे आपण चालण्या-बोलण्यावरून ओळखतो. जीभ जड होणे, पाय अडखळणे ही लक्षणे दिसली की चढली आणि ती नसली की नाही, असा सर्वसाधारण निकष असतो. तो निकषच उलटा आहे. बोलणे आणि चालणे या लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या क्रिया आहेत आणि त्या बऱ्याच उशिरा कोलमडतात. त्यांच्या कितीतरी आधी दुसऱ्या काही क्षमता कमी होऊ लागतात, आणि त्या कमी झाल्याचे बाहेरच्याला दिसत नाही, स्वतःलाही कळत नाही.

पहिली क्षमता म्हणजे लक्ष विभागून ठेवण्याची. गाडी चालवणे हे एक काम नसते. पुढच्या गाडीचे अंतर, आरसा, समोरून येणाऱ्याचा दिवा, कडेचा खड्डा, हे सारे एकाच वेळी लक्षात ठेवायचे असते. अगदी कमी प्रमाणावरही ही क्षमता घटू लागते, असे प्रयोगांत पुन्हा पुन्हा आढळले आहे. मेंदू मग काटकसर करतो आणि समोरच्या मोठ्या, अपेक्षित गोष्टींपुरते लक्ष ठेवतो. नजर मध्यभागी रेंगाळते, कडेकडे फिरणे कमी होते. पुढच्या गाडीचे दोन लाल दिवे त्याला दिसतात, पण ती गाडी अचानक बाजूला का सरकली असेल, हा प्रश्न पडण्याइतके लक्ष शिल्लक उरत नाही. शुद्धीवरच्या चालकासाठी पुढच्या गाडीचे असे सरकणे ही सूचना असते, ‘पुढे काहीतरी आहे’ अशी. घाईतल्या आणि प्यायलेल्या चालकाला तीच मोकळी झालेली जागा वाटते.

दुसरी क्षमता डोळ्यांची. हलणाऱ्या वस्तूचा नजरेने सहज माग ठेवण्याचे कौशल्य दारूने बिघडते. समोरच्या गाडीचा प्रखर झोत डोळ्यांवर पडल्यानंतर पुन्हा अंधारातले दिसू लागायला अधिक वेळ लागतो. आपल्या दुपदरी रस्त्यांवर हा अनुभव दर अर्ध्या मिनिटाला येतो, आणि त्या चमकून गेलेल्या क्षणांतच कडेचा माणूस पार होत असतो.

तिसरी क्षमता गाडी सरळ रेषेत ठेवण्याची. वाहनचालनावरील प्रयोगांत गाडी आपल्या पट्ट्यात डावी-उजवीकडे किती डुलते हे मोजतात, कारण दारूचा परिणाम त्यात फार स्पष्ट उमटतो. चालकाला आपण सरळच जात आहोत असे वाटत असते.

आणि चौथी क्षमता म्हणजे या तिन्ही कमी झाल्या आहेत हे ओळखण्याची. दारू संकोच आणि सावधपणा सैल करते आणि आत्मविश्वास वाढवते. म्हणून ‘मला काही झालेले नाही’ हे प्यायलेल्या माणसाचे म्हणणे खोटे नसते. तो प्रामाणिकच असतो. फक्त ज्या मोजपट्टीने तो स्वतःला मोजतो आहे, तीच आखूड झालेली असते.

सायकलस्वारच का

समोर ट्रक असेल, तर चालकाच्या वरील चारही क्षमता कमी झाल्या तरी तो दिसतो. तो मोठा आहे, रस्त्याच्या मध्यावर आहे, आणि त्याच्या मागच्या दोन दिव्यांमधल्या अंतरावरून तो किती लांब आहे हे मेंदूला आपसूक कळते. सायकलीला फार तर एक लाल दिवा किंवा एक परावर्तक असतो. एकट्या लाल ठिपक्यावरून अंतराचा अंदाज बांधणे शुद्धीवरच्या चालकालाही अवघड जाते.

त्यात वेगातील फरक येतो. सायकल ताशी २० किलोमीटरने आणि गाडी ८० ने जात असेल, तर गाडी सायकलीच्या दिशेने ताशी ६० किलोमीटरने, म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटरने सरकत असते. खालच्या झोतात, गडद कपड्यांतला सायकलस्वार ५० मीटरवरून दिसला असे धरले, तर पाहणे, ओळखणे, ठरवणे आणि स्टिअरिंग वळवणे या साऱ्यासाठी मिळून तीन सेकंद मिळतात. दारूमुळे यातला अर्धा सेकंद जरी उशीर झाला, तरी आठ मीटर संपलेले असतात, आणि ओळखण्यातला उशीर अर्ध्या सेकंदावर थांबेलच असे नाही.

रस्त्याच्या रुंदीचे गणित याहून वाईट आहे. दुपदरी रस्त्याचा एक पट्टा साधारण साडेतीन मीटरचा असतो. सायकलस्वार, त्याचे हँडल आणि कडेचा तुटलेला डांबराचा काठ टाळण्यासाठी त्याने सोडलेली जागा मिळून किमान एक मीटर जातो. मोटार पावणेदोन ते पावणेदोनहून थोडी अधिक मीटर रुंद असते. समोरून वाहन येत असताना त्याच पट्ट्यातून सायकलीला ओलांडायचे म्हटले, तर दोघांमध्ये उरते ती जागा जेमतेम ७० सेंटिमीटर. गाडीचे डुलणे, खड्डा चुकवण्यासाठी सायकलीने घेतलेली वाकडी वाट आणि बाहेर आलेला आरसा, हे सारे त्या ७० सेंटिमीटरमध्येच बसवायचे असते. भारतात चालक गाडीत उजवीकडे बसतो आणि सायकलस्वार डावीकडे असतो. म्हणजे गाडीची जी कड चालकापासून सर्वांत लांब आहे आणि जिचा अंदाज त्याला सर्वांत कमी असतो, तिच्याच बाजूला हा उघडा माणूस असतो.

टक्कर झालीच, तर मोटारीतल्याला पत्रा, पट्टा आणि हवेची उशी मिळते. सायकलस्वाराला त्याची हाडे. टकरीतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे ३० ऐवजी ६० च्या वेगाने बसलेला धक्का दुप्पट नव्हे तर चौपट असतो, आणि प्यायलेला चालक ब्रेक उशिरा दाबतो किंवा दाबतच नाही, म्हणून तो धक्का जवळजवळ पूर्ण वेगानेच बसतो.

रात्र सरते, दारू सरत नाही

आता या विषयातील अशा भागाकडे येऊ ज्याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होतच नाही. दारू पिऊन गाडी चालवणे म्हटले की डोळ्यांसमोर मध्यरात्र येते, आणि नाकाबंदीही मध्यरात्रीच लागते, विशेषतः ३१ डिसेंबरला किंवा गटारीच्या आसपास. सायकलस्वार मात्र मध्यरात्री फारसे रस्त्यावर नसतात.

शरीर अल्कोहोल कसे संपवते ते आधी पाहावे लागेल. त्याचे बहुतांश काम यकृत करते, आणि त्याचा वेग ठरलेला असतो. रेशनच्या दुकानात एकच खिडकी असावी, तशी ही व्यवस्था आहे : रांगेत दहा माणसे असोत की शंभर, खिडकीवरचा माणूस आपल्या गतीनेच पावत्या फाडतो. या गतीने प्रमाण ढोबळमानाने तासाला १५ ने उतरते असे धरतात. व्यक्तीगणिक ती थोडी कमी-अधिक असते. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, उलटी यांपैकी कशानेही ती वाढत नाही. कॉफीने फक्त झोप उडते आणि प्यायलेला माणूस जागा होतो.

तोच ७० किलोचा पुरुष शनिवारी रात्री दहापासून एक वाजेपर्यंत चार मोठे पेग घेतो. अल्कोहोल ८० ग्रॅम. पिता पिता तीन तासांत जे खर्च झाले ते वजा करून रात्री एक वाजता त्याचे प्रमाण साधारण १२० च्या घरात असते. तो शहाणपणाने मित्राकडेच झोपतो. सकाळी सहा वाजता उठतो, चहा घेतो, डोके थोडे जड आहे एवढेच, आणि गाडी काढतो. पाच तासांत ७५ कमी झाले; उरले ४५ ते ५०. कायद्याने तो अजूनही गुन्हेगार आहे, आणि सव्वासातच्या आसपासपर्यंत तो तसाच राहील. त्याला याची यत्किंचितही कल्पना नाही, कारण त्याच्या मते तो रात्री प्यायला होता आणि आता सकाळ झाली आहे. त्यात अपुऱ्या झोपेची भर पडते, जी कोणत्याही यंत्रात दिसत नाही.

रविवारी सकाळी सहा वाजता रस्त्यावर कोण असते? दूध आणि पेपर टाकणारी मुले, रात्रपाळी संपवून घरी निघालेले सुरक्षारक्षक, औद्योगिक वसाहतीकडे पहिल्या पाळीसाठी जाणारे कामगार, आणि हेल्मेट घालून निघालेले हौशी सायकलस्वारांचे जथे. हे सारे कमी प्रकाशात, मोकळ्या आणि म्हणून वेगवान रस्त्यांवर असतात. २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी यांचा नवी मुंबईत, नेरूळजवळ पाम बीच रस्त्यावर सायकल चालवत असताना टॅक्सीची मागून धडक बसून मृत्यू झाला. तो गुन्हा बेदरकार आणि निष्काळजी वाहनचालनाचा होता, दारूचा नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. उल्लेख अशासाठी की पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर मागून येणारे वेगवान वाहन शुद्धीवरच्या चालकाच्या हातीही किती घातक ठरते, हे त्यातून दिसते. त्याच वेळी, त्याच रस्त्यावर ५० चे प्रमाण घेऊन निघालेला चालक आणखी किती धोकादायक असेल, याचा विचार करावा. वरळीत ७ जुलै २०२४ रोजी मोटारीने स्कूटरला धडक देऊन एका महिलेला फरफटत नेले, ती वेळही पहाटे साडेपाचच्या सुमाराची होती.

‘पण सरकारी आकडे तर फार कमी आहेत’

हा आक्षेप रास्त आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली; त्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत आणि दारू वा अमली पदार्थांच्या रकान्यात जेमतेम दोन-तीन टक्के. मग एवढा गाजावाजा कशासाठी?

दारू ही रक्ताच्या किंवा श्वासाच्या तपासणीशिवाय सिद्ध न होणारी गोष्ट आहे. धडक देऊन पळालेल्या चालकाची तपासणी होत नाही, जागीच मेलेल्या चालकाची होईलच असे नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणी रात्री यंत्र आणि डॉक्टर दोन्ही वेळेत मिळणे हा योगायोग असतो. दुसरे असे की दारू आणि अतिवेग ही एकाच घटनेची दोन अंगे असू शकतात. वेग रस्त्यावरच्या खुणांवरून आणि साक्षीदारांवरून लगेच सांगता येतो, म्हणून घटना त्या रकान्यात जाते. दारूचा आकडा यामुळे नेमका किती पटीने वाढेल हे सांगता येणार नाही, पण आहे तो आकडा किमान आहे, एवढे नक्की म्हणता येते. मृत सायकलस्वारांची संख्याही या अहवालांत वर्षाला काही हजारांत असते, आणि त्यांच्यातील बहुतेकांची बातमी स्थानिक पानावरच्या चार ओळींपलीकडे जात नाही.

‘सायकलस्वारांनीच दिवे लावावेत’

लावावेतच. मागे लाल दिवा, पुढे पांढरा, चाकांवर आणि विशेषतः पेडलवर परावर्तक असावेत. पेडलवर अशासाठी की वर-खाली हलणारे दोन ठिपके पाहिल्यावर ‘हा माणूस आहे’ हे मेंदूला स्थिर ठिपक्यापेक्षा फार लवकर कळते. घोट्याला बांधलेली चमकती पट्टीही हेच काम करते, आणि ती पाठीवरच्या महागड्या जाकिटापेक्षा स्वस्त असते.

मात्र ही सारी साधने चालकाच्या शाबूत नजरेवर आणि शाबूत लक्षावर अवलंबून आहेत. दिवा प्रकाश टाकतो. त्याचा अर्थ लावण्याचे काम चालकाच्या मेंदूचे आहे, आणि दारूने नेमका तोच भाग मंदावलेला असतो. न्यू जर्सीत पहिल्या गाडीच्या चालकाला सायकली दिसल्या होत्या आणि त्याने वाटही दिली होती. म्हणजे त्या दिसत होत्या. शिवाय आपल्याकडे सायकल चालवणाऱ्यांत मोठा वर्ग अशांचा आहे ज्यांच्यापुढे सायकल की मोटार असा पर्यायच नसतो. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली सायकल घेऊन चार-पाच किलोमीटरवरच्या शाळेत जाणाऱ्या आठवीच्या मुलीला ‘तू दिसली नाहीस’ हे उत्तर देता येत नाही.

सायकलस्वारही पिऊन सायकल चालवतात, असेही म्हटले जाते. चालवतात, आणि ते धोक्याचे आहे. तोल आणि सरळ रेषा दोन्ही जातात. सायकल मोटार वाहनाच्या व्याख्येत बसत नसल्याने कलम १८५ तिला लागू होत नाही. सार्वजनिक ठिकाणी नशेत गैरवर्तन करण्याविरुद्धच्या तरतुदी लागू होऊ शकतात. पण १५ किलोची सायकल ज्याचा जीव घेते तो बहुधा तिचा चालकच असतो. दीड टनाच्या मोटारीचे तसे नसते. दोन्ही दोष सारखेच आहेत असे मांडणे हा हिशेब बरोबरीचा दाखवण्याचा हट्ट आहे.

तपासणी आणि घड्याळ

रक्तातील अल्कोहोल फुप्फुसांतून श्वासातही उतरते. सुमारे २१०० मिलिलिटर श्वासात जेवढे अल्कोहोल असते तेवढे एक मिलिलिटर रक्तात असते, असे गुणोत्तर धरून ब्रेथ अ‍ॅनालायझर श्वासावरून रक्ताचा आकडा सांगतो. नुकतीच चूळ भरलेल्या माउथवॉशने किंवा तोंडात राहिलेल्या औषधाने आकडा वाढू शकतो, ही तक्रार खरी आहे, पण तोंडातला अंश १५ मिनिटांत निघून जातो. दुसऱ्यांदा फुंकायला लावले की ती सबब उरत नाही.

कलम २०२ नुसार पोलीस अशा चालकाला वॉरंटशिवाय अटक करू शकतात, मात्र अटकेपासून दोन तासांच्या आत त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, अन्यथा त्याला सोडावे लागते. तपासणीला नकार देण्याने सुटका होते हा गैरसमज आहे. योग्य कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५ नुसार फिर्यादी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी बाब मानता येतो.

खरी अडचण घड्याळाची आहे. तासाला १५ या गतीने २०० चे भयानक प्रमाणही साधारण तेरा-चौदा तासांत शून्यावर येते. वरळीच्या घटनेतील आरोपी दोन दिवसांनी, ९ जुलैला पोलिसांच्या हाती लागला. तोपर्यंत रक्तात काहीही असले तरी सापडण्याचा प्रश्नच नव्हता. पुण्यात कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्शे मोटारीने दुचाकीवरील दोघांचा बळी घेतला, तेव्हा अल्पवयीन आरोपीचा रक्ताचा नमुना अनेक तासांनी घेतला गेला आणि तोही बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील दोन डॉक्टरांना अटक झाली. अशा प्रकरणांत बारचे बिल, चित्रीकरण आणि सोबत्यांच्या जबान्या यांवर भिस्त ठेवावी लागते. पळून जाणे हे प्यायलेल्या चालकाच्या दृष्टीने फायद्याचे ठरते, ही या कायद्यातील सर्वांत मोठी फट आहे, असे माझे मत आहे.

शिक्षा आणि भरपाई

केवळ पिऊन गाडी चालवण्यासाठी, कोणाला इजा झाली नसली तरी, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मृत्यू झाल्यास प्रश्न असा येतो की हा निष्काळजीपणा मानायचा की सदोष मनुष्यवध. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मृत्यू ओढवू शकतो याची जाणीव असताना केलेल्या सदोष मनुष्यवधाला दहा वर्षांपर्यंत.

या दोहोंमधली रेषा महाराष्ट्रातील एका खटल्याने बरीच स्पष्ट केली. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर मोटारीने पदपथावर झोपलेल्या मजुरांना चिरडले. सात जण मेले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे आपल्या मापाने ११२ इतके अल्कोहोल सापडले होते. सत्र न्यायालयाने तो निष्काळजीपणा मानला, उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षांची शिक्षा दिली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. वस्तीतून, पिऊन, बेदरकारपणे गाडी हाकणाऱ्याला परिणामांची जाणीव होती असे मानता येते, हा त्यातील गाभा. सात मृत्यूंना तीन वर्षे पुरेशी होती का, हा वेगळा प्रश्न, आणि न्यायालयालाही ती शिक्षा अपुरीच वाटली होती.

जखमी सायकलस्वाराच्या घरच्यांना यातून काही व्यावहारिक गोष्टी लक्षात ठेवता येतील. अपघाताची वेळ आणि चालकाचा नमुना घेतल्याची वेळ या दोन्ही पोलिसांच्या कागदांत स्पष्ट नोंदवल्या गेल्या आहेत का, हे पहिल्याच दिवशी विचारावे, कारण पुढे सारा वाद या दोन वेळांमधल्या अंतराचा होतो. मोडकी सायकल दुरुस्तीला किंवा भंगारात देऊ नये. धडक मागून बसली की बाजूने, हे तिच्या चाकावरून ठरते. चालक प्यायलेला होता म्हणून विमा कंपनी मालकाशी भांडू शकते, पण न्यायालयांनी अनेकदा कंपनीला आधी बळीच्या कुटुंबाला पैसे देऊन नंतर ते मालकाकडून वसूल करायला सांगितले आहे. वाहन सापडलेच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. ते मागण्यासाठी वाहनाचा क्रमांक लागत नाही. वाहन सापडले असेल, तर अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे.